पाळकाला प्रश्न विचारता येतो का?

(आर्वी येथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांच्याबद्दल सुरुवातीला चार गौरवाचे शब्द बोलायची रीत आहे. पण त्यांच्या घरच्यांनी मला आधीच सांगून ठेवलं, की त्यांना ते आवडलं नसतं, तुम्ही सरळ विषयावर या. विषय मिळाला आहे तो ‘ख्रिस्ती मंडळीच्या पुढाऱ्यांची नम्रता आणि आध्यात्मिक जबाबदारी’. तो माझ्यासारख्याला देण्यात संयोजकांनी थोडा धोका पत्करला आहे. मी पाळक नाही, मंडळीचा वडील नाही, कुठल्या कमिटीवरही नाही. मी बाकावर बसणारा माणूस. पण पुढाऱ्याची नम्रता आहे की नाही, हे बाकावरून फार स्वच्छ दिसतं.

या गावाचं जुनं नाव आर्वी तेलंगराव. ज्या सत्पुरुषावरून ते पडलं तो मूळचा हिंदू की मुसलमान, याचा निकाल इंग्रजांच्या गॅझेटियरलाही लावता आला नाही. दोन्ही समाज त्याला मानत आले. ज्याच्या नावाने गाव ओळखलं गेलं त्याची नोंद कोणत्या रजिस्टरात करायची हेच लोकांना ठरवता येऊ नये, ही गोष्ट मला आजच्या विषयाला शुभशकुनासारखी वाटते. आम्हा ख्रिस्ती लोकांना शकुन मानायची परवानगी नाही, हे मंचावरच्या पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावरून लक्षात आलं. शब्द मागे घेतो.

आपल्याकडे नम्र पाळकाचं एक ठरीव चित्र आहे. आवाज हळू, मान किंचित वाकलेली, आणि दर दोन वाक्यांनी ‘मी तर प्रभूचा अयोग्य दास’. आता हाच दास कमिटीच्या सभेत कसा असतो ते आठवा. खजिनदार म्हणतो, साहेब, त्या दुरुस्तीच्या खर्चाची पावती राहिली आहे. दासाचा आवाज बदलतो. तुम्ही हसलात, म्हणजे तुम्ही त्या सभेला होता. मला त्या हळू आवाजाबद्दल तक्रार नाही, पण तो पुरावा म्हणून मी धरत नाही. मंडळीतला सगळ्यात लहान माणूस पुढाऱ्याला प्रश्न विचारू शकतो का, आणि विचारल्यावर त्या माणसाचं पुढे काय होतं, एवढंच मी बघतो. आज मी जे काही सांगणार आहे ते या एका प्रश्नाभोवती आहे.

पवित्र शास्त्रातच बघा. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. पहिल्या मंडळीतलं पहिलं भांडण त्रैक्यावर झालं नाही, बाप्तिस्म्यावर झालं नाही. धान्यवाटपावर झालं. यरुशलेमच्या मंडळीत रोज विधवांना अन्न वाटलं जाई आणि ग्रीक बोलणाऱ्या कुटुंबांतल्या विधवा त्यातून सुटत. बाहेरून आलेल्या, भाषेने वेगळ्या, वशिला नसलेल्या बाया. त्यांच्या लोकांनी कुरकूर केली. कुरकुरीची गाठ कोणाशी होती? प्रत्यक्ष येशूबरोबर तीन वर्षं फिरलेल्या बारा जणांशी. त्यांनी काय केलं असतं तर आपल्याला आश्चर्य वाटलं नसतं? ‘तुम्ही कोणाविरुद्ध बोलताय याचं भान ठेवा’ असं त्यांनी सुनावलं असतं तर. त्यांनी तसं केलं नाही. सगळ्या शिष्यांची सभा बोलावली, वाटपाचं काम आपल्या हातून सोडलं आणि सात माणसं निवडायला मंडळीलाच सांगितलं. निवडलेल्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप, निकानोर, तीमोन. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच माणसांच्या हाती कोठाराच्या किल्ल्या गेल्या. माझ्या मते नम्रतेचा याहून मोठा दाखला नव्या करारात एकच आहे, आणि तो वधस्तंभाच्या आदल्या रात्रीचा, येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा आहे.

आणि आपण त्या जागी काय म्हणतो? ‘अभिषिक्ताला हात लावू नका.’ अलीकडे हे फार ऐकू येतं. जुन्या मंडळ्यांतही आणि पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या नव्या प्रार्थनासभांतही. पास्टरच्या गाडीबद्दल विचारलं, की अभिषिक्त. जमीन कोणाच्या नावावर घेतली असं विचारलं, की अभिषिक्त. ते वचन स्तोत्रसंहितेच्या १०५व्या स्तोत्रातलं आहे. अख्खं स्तोत्र वाचून बघा. तिथे अभिषिक्त म्हटलंय ते अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्या घराण्याला: मूठभर माणसं, स्वतःची जमीन नाही, या राज्यातून त्या राज्यात तंबू घेऊन भटकणारी. आणि दम दिलाय तो राजांना, की या दुबळ्यांच्या वाटेला जाऊ नका. खुर्चीवाल्यापासून बिनखुर्चीच्या माणसाला वाचवणारं वचन आपण उलटं करून खुर्चीच्या संरक्षणाला लावलं. कोणी दाविदाचं उदाहरण देतं, की त्याने शौलावर हात उचलला नाही. बरोबर आहे, उचलला नाही. पण गुहेबाहेर येऊन, शौलाच्या झग्याचं कापलेलं टोक हातात धरून, भर फौजेसमोर राजाला त्याने जाबही विचारला. आणि पुढे दावीद स्वतः राजा झाला तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याच्या तोंडावर त्याचं पाप सांगितलं. नाथानाला कोणी मंडळीतून काढल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता आपल्या मुलखाकडे येतो.

नागपूरच्या अँग्लिकन बिशपांत दुसरे होते अॅलेक्स वुड. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीच्या चांदा मिशनचा हा माणूस. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. गावोगाव हिंडला, त्या भागावर १९०६ मध्ये पुस्तक लिहिलं. १९२६ मध्ये नागपूरचा बिशप झाला. आरामखुर्चीतला साहेब म्हणून त्याला मोडीत काढता येत नाही, म्हणून तर त्याची गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९३२च्या सुरुवातीला त्याच्या हद्दीत, मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी, दोन तरुण गोंडांत राहायला आले. एक ऑक्सफर्डचा व्हेरिअर एल्विन, पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून बाहेर पडलेला आणि गांधीजींच्या नादी लागलेला. दुसरा आपला मराठी ख्रिस्ती, शामराव हिवाळे. आणि गोंडांत जा, हे एल्विनला सुचवणाऱ्यांत वर्ध्याचे जमनालाल बजाज होते! म्हणजे बघा, एक इंग्रज पाद्री आदिवासींच्या सेवेला गेला तो एका मारवाडी वैष्णवाच्या सांगण्यावरून, आणि वाटेत अडवलं त्याला त्याच्याच मंडळीने. एल्विन दीक्षित पाळक होता. प्रभुभोजन चालवायला बिशपचा परवाना लागे. वुड म्हणाले, आधी बादशहाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्या. एल्विनने नकार दिला. बिशपनेही माघार घेतली नाही. १९३५ मध्ये एल्विनने मंडळी सोडली, आणि पुन्हा परतला नाही.

बिशपची बाजू मला कळते. नियम होता, वरून सरकार बघत होतं, आणि खादी घालणारा पाद्री म्हणजे डोकेदुखी. एल्विनही काही सोपा माणूस नव्हता. त्याच्या पुढच्या आयुष्यातल्या काही गोष्टी मला पटत नाहीत. पण बिशपपुढे आलेला प्रश्न आध्यात्मिक होता: करंजियात प्रभूचं भोजन वाढायचं की नाही? त्याचं उत्तर त्यांनी बादशहाच्या दप्तरात शोधलं. ज्या मेंढपाळाने चांद्याचं रान पायाखाली घातलं होतं, त्याला टेबलामागे बसल्यावर एक मेंढरू हातून जाताना दिसलं नाही. माणूस वाईट नव्हता. त्याला विचारणारा त्याच्या वर कोणी उरला नव्हता, आणि खालून विचारायची सोय नव्हती.

त्याच सुमाराला खालून विचारणारा एक जण मात्र निघाला, आणि पुढे तो आपल्या जिल्ह्यात येऊन राहिला. जे. सी. कुमारप्पा. तंजावरचे तमिळ ख्रिस्ती, लंडनला शिकलेले हिशेबतपासनीस, मग अमेरिकेत अर्थशास्त्र. १९२९ मध्ये गांधीजींना भेटले आणि साहेबी पेशा सुटला. १९३०च्या सत्याग्रहात भारताचे मेट्रोपॉलिटन, म्हणजे इथल्या सगळ्या अँग्लिकन बिशपांचे प्रमुख, फॉस वेस्टकॉट यांनी कायदेभंग ख्रिस्ती शिकवणीत बसत नाही असं मत दिलं. कुमारप्पांनी ख्रिस्ती कार्यकर्त्यांना आणि मिशनऱ्यांना जाहीर आवाहन केलं आणि वेस्टकॉटांना थेट विचारलं: अहिंसेने दुःख सोसणाऱ्यांच्या बाजूला ख्रिस्त उभा नसेल, तर तो लाठी चालवणाऱ्यांच्या बाजूला आहे का? शब्द माझे, आशय त्यांचा. पत्रव्यवहार झाला. वेस्टकॉट पटले नाहीत, पण त्यांनी दार लावून घेतलं नाही, एवढं त्यांच्या नावे जमा धरायला हवं. गांधीजींशीही त्यांचे संबंध टिकले.

मला कुमारप्पांचं मोठेपण या पत्रापेक्षा पुढच्या एका गोष्टीत दिसतं. बिशपला प्रश्न विचारणारा माणूस स्वतः तिजोरीवर बसला की काय करतो? १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये भूकंप झाला. मदतनिधीच्या हिशेबावर देखरेख करायला राजेंद्र प्रसादांच्या मदतीला कुमारप्पा गेले. कार्यकर्त्यांना रोजच्या जेवणाचा ठरावीक भत्ता होता. गांधीजी आपल्या माणसांसह दौऱ्यावर आले. त्यांना दूध लागे, फळं लागत, मोटारीला पेट्रोल लागे. कुमारप्पांनी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांना कळवलं, की हा खर्च मदतनिधीतून होणार नाही, तुमची व्यवस्था तुम्ही बघा. ज्याच्या शब्दावर आयुष्य बदललं त्या माणसाच्या दुधाचे पैसे नाकारले. आणि गांधीजींनी ते मानलं. या प्रसंगात मला दोघांचीही नम्रता दिसते. एकाने नियमापुढे मान वाकवली, दुसऱ्याने आपल्या धाकट्यापुढे. त्याच वर्षी डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत आले, इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. तुरुंगात असताना त्यांनी येशूच्या शिकवणीवर आणि आचरणावर पुस्तक लिहिलं. आपल्या किती मंडळ्यांच्या कपाटात ते आहे? मगनवाडीतलं मगन संग्रहालय बघायला शाळांच्या सहली जातात. आपल्या रविवारच्या शाळेची सहल तिथे न्यायला काय हरकत आहे?

पंडिता रमाबाईंचं नाव इथे सगळ्यांना माहीत आहे. मी त्यांची एकच बाजू घेतो. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असं निघालं. मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली: हिंदुस्थानात हे शोभणार नाही. पंचविशी नुकती ओलांडलेली, पदरी लहान मुलगी, परक्या देशात दुसऱ्यांच्या आश्रयाला असलेली ही बाई. तिने कळवलं, की मोठ्या कष्टाने मी एका पुरोहितवर्गाचं जू उतरवलं आहे, आता दुसरं तसंच जू मानेवर घेणार नाही. ती ख्रिस्तावर रुसली नाही, त्याच्या नावाने बोलणाऱ्यांशी भांडली. हा फरक आपल्या मंडळ्यांत अजून पचलेला नाही. पाळकाशी भांडलेल्या माणसाला आपण विश्वासात थंड झालेला म्हणतो.

पण मी रमाबाईंनाही सोडणार नाही. पुढे त्या स्वतः पुढारी झाल्या. १८९३ मध्ये त्यांच्या शारदासदन या मुलींच्या संस्थेच्या सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांनी त्यांनाच प्रश्न विचारला: मुली तुमच्या प्रार्थनेला बसतात, मग संस्थेच्या धार्मिक तटस्थतेचं काय? बाई म्हणाल्या, मी प्रार्थना करताना माझ्या खोलीचं दार लावणार नाही. सल्लागारांनी राजीनामे दिले. चूक कोणाची यावर मराठीत सव्वाशे वर्षं लिहिलं जातं आहे, आणि मला वाटतं दोन्ही बाजूंना थोडी थोडी वाटून घ्यावी लागेल. त्यानंतर १८९६-९७च्या दुष्काळात त्या आपल्या या मध्य प्रांतात आल्या, उपाशी मुलींना गोळा करून नेलं, तीनशेच्या आसपास, आणि केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे त्यांचा शब्द शेवटचा होता. त्या शब्दावर वचक कोणाचा, याला समाधानकारक उत्तर नाही. जे उत्तर आहे ते त्यांच्या शेवटच्या कामात आहे. म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं आणि ते मुक्तीतल्याच बायांनी छापलं. ५ एप्रिल १९२२ला त्या वारल्या. बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. ज्या मुलीला अक्षरओळख आपण करून दिली, तिच्या हातात शास्त्र देणं म्हणजे उद्या ती आपल्यालाच वचन दाखवून जाब विचारू शकेल अशी सोय करणं. बाईंना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांबद्दल बोलायचं तर नागपूर-राजनांदगाव वाटेवरचा तो आगगाडीचा प्रवास, हाती आलेला नवा करार, हे तुम्ही शंभर वेळा ऐकलं आहे. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेताना तो गोऱ्या मिशनऱ्याकडून न घेता देशी पाळक तुकाराम नथोजी यांच्या हातून घेतला, हे मात्र कमी ऐकलं असेल. मला आज १९१७ साल हवं आहे. टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला: बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त एका ठिकाणी. मिशनचा पगार घेणारा पाळक लोकांना साहेबाचा माणूस वाटतो, ही त्यांची खंत खरी होती. पगार सोडणं हे धाडस होतं. पुढे दोन वर्षांतच, ९ मे १९१९ला ते गेले.

या त्यागावर आपल्याकडे पुष्कळ प्रवचनं होतात. मी ती ऐकताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे बघतो. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र ज्यांनी वाचलंय त्यांना टिळकांचा हात किती सढळ होता ते माहीत आहे. घरात आलेलं दाराबाहेर जाई, आणि संध्याकाळी चूल पेटवायची ती बाईंनी. पगार सोडायचा निर्णय संन्याशाला शोभणारा, पण हे संन्यासी घरी बायको-मुलं असलेले! पुढाऱ्याने स्वतःला लहान केलं की त्याची किंमत कोण भरतं, हाही प्रश्नच आहे, आणि तो विचारण्याचा पहिला हक्क त्याच्या घरच्यांचा. लक्ष्मीबाईंनी तो आयुष्यभर विचारला, हसत, भांडत, आणि शेवटी पुस्तक लिहून. टिळकांनी तो ऐकून घेतला असं नेहमी दिसत नाही. तरी अशा माणसाबरोबर राहून इतकं मोकळं लिहिणारी बाई घडली, त्यात त्यांचाही वाटा आहे. अर्धवट राहिलेलं टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेलं ते याच बाईने, आणि ते करताना साठाहून अधिक अध्याय लिहिले.

इथे थांबून एक गोष्ट मान्य करायला हवी. रमाबाई, टिळक, लक्ष्मीबाई: माझी नावं बघा. सगळी ब्राह्मण घरांतली. विदर्भात आणि मराठवाड्यात, नगर-सोलापुरात मंडळ्या उभ्या केल्या त्या महार-मांग वस्त्यांतल्या उपदेशकांनी आणि घरोघर जाऊन शुभवर्तमान वाचून दाखवणाऱ्या बायबलबाईंनी. त्यांची नावं मिशनच्या वार्षिक अहवालात सुद्धा पुष्कळदा नाहीत. फक्त किती उपदेशक नेमले याचा आकडा असतो. नम्रतेवरच्या व्याख्यानात वक्त्याने नामवंतांचीच नावं घ्यावीत हा विनोद माझ्या लक्षात आला आहे. उपाय एकच, तुमच्या मंडळीचं जुनं रजिस्टर उघडा आणि ती नावं लिहून काढा. पुस्तकांत ती मिळायची नाहीत.

आता नागपूर, २९ नोव्हेंबर १९७०. ऑल सेंट्स कॅथेड्रलचं आवार. सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाल्या. बोलणी १९२९ पासून, म्हणजे एक्केचाळीस वर्षं चालली होती. अडलं होतं ते मुख्यतः पाळकांच्या दर्जावर. अँग्लिकनांना बिशपच्या हातून झालेलीच दीक्षा खरी वाटे. बाप्टिस्टांना बिशपच नको. तोडगा निघाला तो ऐकण्यासारखा आहे. सगळ्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवायचे. कोणाची आधीची दीक्षा खोटी म्हणायची नाही आणि कोणाची पुरेशी हेही म्हणायचं नाही; ज्याच्यात जे कमी असेल ते देवाने द्यावं अशी प्रार्थना करायची. तीस-तीस वर्षं पाळकी केलेली माणसं, ज्यांना कालपर्यंत आपण धड पाळक मानत नव्हतो त्यांच्या हाताखाली मान वाकवून उभी राहिली. त्या सहांत एक मंडळी ब्रदरेनांची होती, गुजरातेत आणि डहाणूकडे पसरलेली. प्रभुभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुण्याची रीत त्यांच्यात आहे. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र ऐन शेवटच्या टप्प्यात बाहेर राहिले.

यापुढचं सांगणं सुखाचं नाही. याच ब्रदरेनांच्या गुजरातमधल्या मालमत्तेचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये निकाल लागला, की नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने विश्वस्त संस्थेची मालमत्ता नव्या मंडळीकडे जात नाही. कायद्याने सांगितलेली प्रक्रिया झाली पाहिजे. पाय धुणाऱ्यांचा दावा, तोही दोन-चार तारखांचा नव्हे तर दशकांचा! डोक्यावर हात ठेवताना सगळे डोळे मिटून होते, ते बरोबरच होतं. पण नंतर डोळे उघडून कागद करायला हवे होते. ‘आपण देवाची माणसं, आपल्यात कागद कशाला’ हे वाक्य मी अनेक मंडळ्यांत ऐकलं आहे, आणि मला त्यात विश्वासापेक्षा आळस जास्त दिसतो. कधी कधी आळसापेक्षाही वाईट काही दिसतं.

महाराष्ट्रात मंडळी बहुधा सार्वजनिक विश्वस्त संस्था असते. १९५०चा कायदा आहे. दर वर्षी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यायचे असतात. विश्वस्त बदलला, की चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. ही कामं आपण ‘ऐहिक’ म्हणून वकिलाकडे ढकलतो आणि उपवास-प्रार्थना आध्यात्मिक म्हणून पाळकाकडे. कृत्यांच्या सहाव्या अध्यायात अशी वाटणी नाही. धान्य वाटायला निवडलेली माणसं पवित्र आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेली असावीत अशी अट होती. तो निकष आपण खजिनदार निवडताना लावतो का? आपण बघतो की त्याच्याकडे दुपारी वेळ आहे का.

मालमत्तेचं बोलताना गाडगेबाबा आठवतात; त्यांना विदर्भात कोणी विसरणार नाही. नाशिक, पंढरपूर, आळंदी, जागोजाग धर्मशाळा उभ्या केल्या, आणि स्वतः त्यांत राहिले नाहीत. त्यांच्या झाडूचं कौतुक सगळे करतात. मला त्या न राहण्याचं जास्त वाटतं. आपल्या किती प्रार्थनासभा आज अशा आहेत, की जागा पास्टरच्या नावावर, खजिनदार पास्टरची बायको आणि पुढचा पास्टर कोण हे नामकरणाच्या दिवशीच ठरलेलं? जुन्या मंडळ्यांनी याला हसू नये. त्यांच्यात घराणी नसतील, गट आहेत, आणि निवडणुकीच्या आधी मतदारयादीतून नावं जातात.

आता पाळकांच्या बाजूने एक शब्द, नाहीतर मी अन्याय करीन. खेड्यातल्या पाळकाचा पगार किती असतो, तुम्हाला माहीत आहे. काही मंडळ्यांत तो तीन-तीन महिने थकतो. त्याने नम्र असावं, त्याच्या बायकोने रविवारची शाळा फुकट घ्यावी, मुलांनी सगळ्यांचं ऐकावं, आणि मध्यरात्री दवाखान्यात न्यायला त्यानेच स्कूटर काढावी. उपाशी ठेवलेल्या माणसाकडून नम्रतेची अपेक्षा करणं ही नम्रता नाही, लूट आहे. हिशेब मागायचा तर आधी आपण देणं चुकतं केलं पाहिजे. आणि त्यालाही कोणाजवळ तरी मन मोकळं करता आलं पाहिजे. कोसळणारे पाळक बहुधा एकटे असतात. त्यांच्या वरचे साहेब फक्त बदलीच्या वेळी भेटतात.

लवकरच तुमच्या-आमच्या मंडळ्यांच्या वार्षिक सभा येतील. माझ्या दोन मागण्या आहेत. एक, तपासलेला हिशेब सभेच्या आठ दिवस आधी सूचनाफलकावर लावा, ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. दोन, सभेत पहिला प्रश्न विचारायची संधी मंडळीतल्या एखाद्या विधवेला किंवा सगळ्यात मागे बसणाऱ्याला द्या, आणि त्याचं उत्तर पाळकसाहेबांनी उभं राहून द्यावं. मंचावरच्या पाळकसाहेबांना मी हे आधी विचारलेलं नाही, पण ते मान हलवत आहेत, हे सभेने बघून ठेवावं.